बारा व्होल्टला कोण भितं?

घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीला हात लावला तर शॉक बसत नाही. कोरड्या हातांनी प्लस आणि मायनस दोन्ही धरलं तरी मुंग्यासुद्धा येत नाहीत. गोष्ट खरी आहे, आणि आमच्या धंद्यातले निम्मे घोटाळे याच खऱ्या गोष्टीमुळे होतात. मेन बोर्डाजवळ जायला कचरणारा माणूस बॅटरीच्या वायरी मात्र बिनधास्त इकडच्या तिकडे करतो, भावाकडची जुनी बॅटरी आणून आपल्या बॅटरीला जोडतो, वायर कमी पडली तर पिळून वर टेप मारतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "बारा व्होल्ट तर आहे, काय होतंय?"

मी ताथवड्यात बॅटऱ्या जोडून देतो. औंधच्या आयटीआयमधून वायरमनचा ट्रेड केला, चाकणच्या एका गोदामात फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या सांभाळल्या, मग इथे गाळा घेतला. ताथवडे महापालिकेत आलं २००९ मध्ये. तेव्हा जिथे शेतं होती तिथे आता टॉवर आहेत, कॉलेजं आहेत, आणि कॉलेजांच्या आधाराने वाढलेली पीजी आणि हॉस्टेलं आहेत. लाइट जाण्याचं प्रमाण २००५-०६ च्या भारनियमनासारखं राहिलेलं नाही. पण गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद असते, मे महिन्यात वळवाचा पाऊस आला की फीडर जातो, आणि हिंजवडीच्या कंपनीचं काम घरून करणाऱ्याला पाच मिनिटंही परवडत नाहीत. त्यात छतावर सोलर बसवलेल्यांना उशिरा एक गोष्ट कळते. ग्रिडला जोडलेलं साधं सोलर, लाइट गेली की भर उन्हातही बंद पडतं. दुरुस्तीला खांबावर चढलेल्या माणसाला खालून करंट जाऊ नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. मग बॅटरी आलीच. एकीने भागलं नाही की दुसरी येते, आणि दुसरी आली की जोडणीचा प्रश्न येतो.

जोडायच्या रीती दोनच. एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला लावला की सिरीज. त्यात व्होल्ट वाढतात, अॅम्पिअर-तास तेवढेच राहतात. प्लसला प्लस आणि मायनसला मायनस लावला की पॅरलल. त्यात अॅम्पिअर-तास वाढतात, व्होल्ट तेवढेच. १२ व्होल्ट १५० अॅम्पिअर-तासाच्या एका बॅटरीत कागदावर १.८ युनिट वीज असते. दोन कशाही जोडा, ३.६ युनिटच होतात. पॅरलल केली तर जास्त बॅकअप मिळतो आणि सिरीज केली तर जास्त ताकद, असं छातीठोकपणे सांगणारे फिटर आहेत. त्यांचं ऐकू नका.

फरक पडतो तो वायरीतून वाहणाऱ्या करंटमध्ये. घरात १,००० वॅटचा लोड चालू असेल तर १२ व्होल्टच्या इन्व्हर्टरला बॅटरीकडून ८३ अॅम्पिअर लागतात. इन्व्हर्टरची स्वतःची घट धरली की आकडा ९५-१०० वर जातो. तोच लोड ४८ व्होल्टवर घेतला तर २५ अॅम्पिअरमध्ये भागतं. वायर तापते ती करंटच्या वर्गाच्या पटीत. म्हणजे करंट चौथाई झाला तर त्याच वायरीतली उष्णता सोळाव्या हिश्शावर येते. म्हणून माझं मत पक्कं आहे: दोनपेक्षा जास्त बॅटऱ्या लागणार असतील तर १२ व्होल्टच्या इन्व्हर्टरला पॅरलल लावत बसू नका. इन्व्हर्टरच २४ किंवा ४८ व्होल्टचा घ्या. पैसे सुरुवातीला जास्त जातात, पण जातात एकदाच.

हे न ऐकणाऱ्या एका पीजीवाल्या काकांची गोष्ट सांगतो. मुलांची तक्रार आली की ते एक बॅटरी वाढवत गेले. जिन्याखाली पत्र्याच्या दाराआड चार बॅटऱ्या, सगळ्या पॅरलल, इन्व्हर्टर १२ व्होल्टचा. मला बोलावलं तेव्हा पहिली बॅटरी गेलेली आणि काका तापलेले. "मालच खराब दिला तुमच्या लोकांनी. बाकीच्या तीन बघा, कशा ठणठणीत आहेत!"

मी लोड चालू करायला लावला आणि क्लॅम्प मीटर एकेका जोडवायरीला लावत गेलो. इन्व्हर्टरच्या दोन्ही वायरी पहिल्याच बॅटरीवर आल्या होत्या, लाल आणि काळी शेजारी शेजारी. तिथून पुढे दुसरी, तिसरी, चौथी, अशी साखळी. दिसायला सुटसुटीत. पण करंट कमी अडथळ्याची वाट धरतो, आणि चौथ्या बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या वाटेत पहिलीपेक्षा सहा जोडवायरी जास्त होत्या, तीन लाल, तीन काळ्या. बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी काकांना हिशोब मांडून दाखवला. बॅटरीचा अंतर्गत रोध ५ मिलिओहम धरा, प्रत्येक जोडवायर तिच्या टोकांना दाबून बसवलेल्या धातूच्या थिंबलांसकट ०.३ मिलिओहम धरा. एवढासा फरक. तरी १०० अॅम्पिअरच्या लोडपैकी पहिली बॅटरी ३४ देते, दुसरी २६, तिसरी २१ आणि चौथी १९. पहिली जवळजवळ दुप्पट राबते. ती आधी मरणारच. माल कुठल्याही कंपनीचा असो.

यावरचा उपाय जवळजवळ फुकट आहे. लाल वायर पहिल्या बॅटरीवर ठेवायची आणि काळी उचलून चौथीच्या मायनसवर न्यायची, तिरपी. मग कोणत्याही बॅटरीतून निघालात तरी वाटेत जोडवायरी तीनच लागतात. तोच हिशोब आता २६, २४, २४, २६ असा येतो. याहून नीट हवं असेल तर तांब्याच्या दोन पट्ट्या बसवायच्या, एक प्लसची, एक मायनसची, आणि प्रत्येक बॅटरीपासून पट्टीपर्यंतच्या वायरी मोजून सारख्या लांबीच्या कापायच्या. जवळच्या बॅटरीला आखूड वायर लावून हातभर केबल वाचवायचा मोह होतो. तेवढा आवरायचा.

काकांच्या जिन्याखाली आणखी एक घोळ होता, आणि तो मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. बॅटऱ्या चार झाल्या, चार्जर मात्र एका बॅटरीसाठी बनवलेला, १५ अॅम्पिअरचा. चौघींची मिळून झालेली ६०० अॅम्पिअर-तासांची बँक तळापर्यंत उतरली तर ती भरायला त्याला दोन दिवससुद्धा कमी पडतात. तेवढ्यात लाइट पुन्हा जाते. अर्धवट भरलेल्या शिशाच्या बॅटरीत पट्ट्यांवर सल्फेट साचून कडक होत जातं आणि बॅटरीची ताकद कायमची जाते. म्हणजे बॅकअप वाढवायला आणलेल्या बॅटऱ्यांना पोटभर चार्जिंग कधी मिळालंच नव्हतं. काका बराच वेळ बिलाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग चारही बदलायच्या का?"

खरं सांगायचं तर हो. हा प्रश्न ताथवड्यात मला सगळ्यात जास्त वेळा ऐकावा लागतो: "दादा, एकच गेलीये ना, एकच नवी टाका की." जुन्या बॅटरीशेजारी नवी जोडणं म्हणजे थकलेल्या बैलाशेजारी खोंड जुंपणं. औत सरळ चालत नाही, आणि हंगाम संपता संपता खोंडही खांदा धरतो. सिरीजमध्ये तर हे उघड दिसतं. २४ व्होल्टच्या जोडीला चार्जर २८.८ व्होल्ट देतो आणि त्याला फक्त बेरीज दिसते. नवी बॅटरी १५.४ वर उकळत असेल आणि जुनी १३.४ वर उपाशी असेल, तरी बेरीज २८.८ च येते आणि चार्जर समाधानी राहतो. पॅरललमध्ये जुनीचा खराब झालेला सेल नवीला रात्रंदिवस आतून उतरवत राहतो. म्हणून बँकेतल्या सगळ्या बॅटऱ्या एका कंपनीच्या, एका मॉडेलच्या, एका क्षमतेच्या आणि होता होईल तो एकाच महिन्यात बनलेल्या हव्यात. जोडण्याआधी प्रत्येक बॅटरी वेगवेगळी पूर्ण भरून घ्यायची, काही तास तशीच ठेवायची आणि मग मीटर लावून बघायची. शिशाची भरलेली बॅटरी विश्रांतीनंतर १२.७ च्या आसपास दाखवते. एखादी १२.३ वर असेल तर तिला बँकेत घेऊ नका.

आता जॉइंटकडे येतो, कारण आग लागते ती बहुतेक वेळा जॉइंटपाशी. चिंचवडला एक्साइडचा कारखाना माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. उत्तम बॅटऱ्या बनवणाऱ्या या पट्ट्यात त्याच बॅटऱ्यांच्या वायरींना थिंबल हातोडीने ठोकून बसवली जातात, हे बघून मला दर वेळी नवल वाटतं. ठोकलेली थिंबल वरून घट्ट वाटते, पण आत तारांच्या मधे हवा राहते. अशा जॉइंटचा रोध १० मिलिओहम झाला असं समजा; साधं मीटर एवढा रोध दाखवतही नाही. त्यातून १०० अॅम्पिअर गेले की तिथे १०० वॅट उष्णता तयार होते, अंगठ्याएवढ्या जागेत. टर्मिनल शिशाचं, आणि शुद्ध शिसं ३२७ अंशांना वितळतं. आधी वायरीचं प्लॅस्टिक मऊ होतं, मग टर्मिनलचा रंग बदलतो, मग जॉइंट आणखी ढिला होतो आणि आणखी तापतो. हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही. क्रिम्पिंग टूलने, वायरीच्या मापाच्या डायमध्ये दाबूनच थिंबल बसवायची. वायर तांब्याची, आणि बॅटरी जवळ असली तरी १०० अॅम्पिअरसाठी २५ किंवा ३५ स्क्वेअर एमएमपेक्षा बारीक नको. टर्मिनल ब्रशने चकचकीत करायचं, थिंबल थेट शिशावर बसवायची, वॉशर तिच्या वर, मधे नाही. नट आवळून झाल्यावर व्हॅसलिनचा हात फिरवायचा.

आणि तपासायचं कसं? मीटर मिलिव्होल्टवर ठेवा, लोड चालू करा, एक टोक शिशाच्या टर्मिनलवर आणि दुसरं थिंबलवर ठेवा. १०० अॅम्पिअर वाहत असताना चांगला जॉइंट २०-३० मिलिव्होल्टच्या आत राहतो. शेजारच्या जॉइंटपेक्षा एखादा तिप्पट-चौपट दाखवत असेल तर तोच रोगी. दोन मिनिटांचं काम आहे, आणि माझ्या अंदाजाने शंभरातले नव्वद फिटर ते करत नाहीत.

वर म्हटलं की १२ व्होल्टचा शॉक बसत नाही. पाना मात्र बसतो. १२.७ व्होल्ट आणि ५ मिलिओहम, म्हणजे प्लस-मायनसवर लोखंडी पाना आडवा पडला तर अडीच हजार अॅम्पिअरच्या घरात करंट उसळतो. भोसरीतल्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये वेल्डिंग मशीन शंभर-दीडशे अॅम्पिअरवर लोखंड जोडतं. पान्याच्या जागी अंगठी किंवा हातातलं कडं असेल तर काय होईल ते लिहायची गरज नाही. काम सुरू करण्याआधी अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली साखळी सगळं काढून खिशात. पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळलेली, डोळ्यांवर चष्मा. आणि शेवटची वायर लावण्याआधी उरलेल्या फटीत मीटर धरायचंच. पॅरललमध्ये ते जवळजवळ शून्य दाखवलं पाहिजे. तिथे २५ दिसले तर कुठली तरी बॅटरी उलटी लागलेली आहे, आणि ती वायर टेकवली असती तर आपली दिवाळी झाली असती.

हा अडीच हजारांचा लोंढा थांबवायला फ्यूज लागतो, आणि तो बॅटरीच्या प्लसपासून शक्य तितका जवळ लागतो. इन्व्हर्टरच्या आतला फ्यूज इन्व्हर्टरला वाचवतो, मधल्या वायरीला वाचवत नाही. पॅरललमध्ये प्रत्येक रांगेला स्वतःचा फ्यूज हवा, नाहीतर एक बॅटरी आतून शॉर्ट झाली की बाकीच्या तिघी आपला सगळा करंट तिच्यात ओततात. इथे एक काटकसर हमखास होते. घराच्या बोर्डावरचा साधा एमसीबी उचलून बॅटरीला लावला जातो. आपल्या घरातला एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो आणि तेव्हा एमसीबीच्या आतली ठिणगी विझते. बॅटरीचा डीसी करंट शून्यावर येतच नाही. एमसीबी पडतो, पण ठिणगी आत जळत राहू शकते, आणि व्होल्ट जितके जास्त तितकी ती हट्टी. डीसीचा, त्या व्होल्टेजसाठी आणि तेवढ्या शॉर्ट करंटसाठी बनवलेला फ्यूज किंवा ब्रेकरच घ्यावा.

आता गॅस. ८ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री ताथवड्यात टँकरमधून चोरून सिलिंडर भरताना जे स्फोट झाले, ते इथल्या कोणालाही आठवतात. त्यानंतर काही दिवस लोक घरात कसलाही वास आला तरी फोन करायचे. एलपीजीत मुद्दाम वास मिसळलेला असतो. शिशाची बॅटरी भरत आली की तिच्यातून निघणाऱ्या हायड्रोजनला वासच नसतो, आणि हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीची वाट बघतो. पूर्ण भरल्यावरही सिरीजमधल्या चार बॅटऱ्यांतून ५ अॅम्पिअर जात राहिले तर २४ सेलमधून तासाला साधारण ५० लिटर हायड्रोजन निघतो. एक घनमीटरच्या बंद कपाटात ४ टक्के म्हणजे ४० लिटर. हवा अजिबात बदलत नसेल तर तासाभरात गाठ पडते. म्हणून इंटिरियरवाल्याने हौसेने केलेलं बंद कपाट मला आवडत नाही. हायड्रोजन हलका, तो वर जातो. जाळी वरच्या बाजूला हवी आणि ताजी हवा यायला खालीही हवी. त्याच कपाटात वर गणपतीचा फोटो आणि दिवा, असंही मी पाहिलंय. देवाला दुसरीकडे जागा द्या. मात्र कुजक्या अंड्यासारखा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइड असतो, म्हणजे एखादा सेल जास्त चार्ज होऊन जळतोय. चार्जिंग बंद करा, खिडक्या उघडा, आणि तिथे वाकून बघत बसू नका.

लिथियमबद्दल हल्ली रोज विचारणा होते, विशेषतः कॉलेजच्या मुलांकडून. मार्च २०२२ मध्ये पुण्यात धानोरीकडे रस्त्याकडेला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर धडधडून पेटली. तशा आणखी घटना देशभर घडल्यावर दुचाकींच्या बॅटऱ्यांसाठीचा एआयएस-१५६ हा निकष कडक झाला. मुलांनी त्या स्कूटरचा व्हिडिओ पाहिलेला असतो, तरी भंगारातून जुन्या गाडीचे सेल आणून बँक बनवायची हौस असते. घरासाठी लिथियम घ्यायचंच तर लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या, ते इतर प्रकारांपेक्षा शांत आहे. त्याचा सेल ३.२ व्होल्टचा, १६ सेल सिरीजमध्ये लावले की ५१.२. प्रत्येक सेलवर नजर ठेवणारं बीएमएस त्यात असायलाच हवं. बारा व्होल्टचे तयार पॅक सिरीजमध्ये किती लावता येतात ते त्या बीएमएसवर ठरतं; कंपनीने चार म्हटलं तर पाचवा नाही, आणि सिरीज करूच नका म्हटलं तर नाही म्हणजे नाही. नुसत्या मोठ्या सेलांचा अंतर्गत रोध अर्ध्या मिलिओहमच्याही आत असतो. भरलेला आणि उतरलेला असे दोन सेल पॅरलल टेकवले तर ०.२ व्होल्टच्या फरकालाही शे-दोनशे अॅम्पिअर धावतात. शिवाय या सेलचं व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात जवळजवळ सारखंच दिसतं, त्यामुळे मीटरवर भरवसा नाही. आधी प्रत्येक पूर्ण भरा, मग जोडा. शिशाची आणि लिथियमची बॅटरी एकमेकींना थेट कधीच जोडू नका.

एक इशारा ऑफिसांच्या आणि सोसायट्यांच्या कमिटीवाल्यांसाठी. मोठ्या यूपीएसमध्ये १२ व्होल्टच्या १६ किंवा २० बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात. वीस बॅटऱ्या फ्लोटवर, म्हणजे भरून चार्जरला लागलेल्याच असल्या की टोकाटोकात २७० व्होल्टच्या आसपास डीसी असतो, आणि मेन स्विच बंद केल्यानेही तो कुठे जात नाही. बॅटरी तीच, डबा तोच, म्हणून घरच्या सवयीने हात घातला तर माणूस जाऊ शकतो. साधारण ६० व्होल्ट डीसीच्या वर गेलं की परवानाधारक माणूसच बोलवावा. तो आधी मधल्या जोडवायरी काढून रांगेचे तुकडे करतो आणि मग कामाला लागतो. सोसायटीच्या सिक्युरिटीवाल्या मामांना पाना देऊन पाठवू नका.

तुमच्या घरी बॅटऱ्या आधीच जोडलेल्या असतील तर पुढच्या गुरुवारी लाइट गेल्यावर एवढं करा. लोड दहा-पंधरा मिनिटं चालू द्या आणि मग हाताची पाठ, अंगठी काढून, प्रत्येक टर्मिनलच्या जवळ न्या, टेकवायची नाही. सगळीकडे सारखं लागलं तर उत्तम. एका ठिकाणी ऊब जाणवली तर इन्व्हर्टर बंद करा आणि फिटरला बोलवा. तो आल्या आल्या बॅटरी बदलायला सांगू लागला, तर आधी तो जॉइंट मिलिव्होल्टवर मोजून दाखवायला सांगा.